चुकलेला ठोका

विणीत एक धागा चुकलेला दिसला, की मी अख्खा रोल बाद करते. दोनशे मीटरचा असो नाहीतर पाचशेचा, समोर मालक उभे असोत नाहीतर गिऱ्हाईक. इचलकरंजीत नेजकरांच्या कारखान्यात बावीस वर्षं मी हेच काम केलं आहे. तिथं गाड्यांचे सीटबेल्ट विणले जातात, आम्ही त्यांना नुसतं पट्टे म्हणतो. नव्या पोरी माझ्या माघारी मला 'बाद मावशी' म्हणतात. म्हणोत बापड्या. ज्या पट्ट्यावर उद्या कुणाचा तरी जीव लटकणार आहे, त्याच्या बाबतीत मला दया येत नाही, आणि खरं सांगायचं तर माणसांच्या बाबतीतही फारशी येत नाही. माफ करणं माझ्या स्वभावात नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

माझी मुलगी केतकी याच कारखान्यात वाढली. नवरा लवकर गेला, घरी बघायला कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की ती माझ्या तपासणीच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि बाद झालेल्या पट्ट्यांच्या वेण्या घालायची. कुणाच्याही गाडीत बसली की आधी पट्टा ओढून त्याच्यावर नख फिरवायची. "आई, हा आपला न्हवं. वीण ढिली हाय बघ," असं म्हणत तो लावायची. पट्टा न लावता केतकी गाडीत बसलेली मी कधी पाहिली नाही.

तिच्या हृदयाला एक खोड होती. दर सात-आठ ठोक्यांनी एक ठोका चुकायचा, जरा थांबून पुढचा ठोका जोरात पडायचा. तान्ही असताना ती माझ्या छातीवर झोपायची, तेव्हापासून ती लय मला पाठ होती. डॉक्टर म्हणाले, काही धोका नाही, असतं काही जणांना.

मालकांचा मुलगा शार्दूल तिच्या प्रेमात पडला. आप्पासाहेब नेजकरांनी फार ताणलं नाही, लग्नाला होकार दिला, पण एक अट घातली. "पोरीच्या काळजात दोष हाय असं कानावर आलंय, डाकेबाई. तेवढा डॉक्टरचा कागद आणा." आम्ही कोल्हापूरला जाऊन तिच्या ठोक्यांचा आलेख काढून आणला. आप्पासाहेबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि सुताच्या पेटीच्या पावतीवर लिहावं तसं त्याच्या पाठीमागं 'पाहिले, मान्य' असं लिहून सही ठोकली. एक प्रत त्यांनी ठेवली, एक मला दिली. केतकी घरी येऊन हसत सुटली, "आई, मला पास केलं गं!" मला हसू आलं नाही. तो कागद मी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवून दिला. त्या दिवसापासून मी कारखान्यात डाकेबाई आणि सणासुदीला विहीणबाई झाले.

आता धाग्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

दोन वर्षांपूर्वी कायदा आला की नव्या गाडीच्या प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांना एकेक साक्षीधागा हवा. हा धागा एका खास प्लास्टिकचा असतो. तो ताणला की त्यात किंचित वीज तयार होते. पट्टा छातीवर असला की माणसाच्या प्रत्येक श्वासाबरोबर धागा थोडा ताणला जातो, आणि श्वासाच्या त्या मोठ्या लाटेवर हृदयाच्या ठोक्यांच्या बारीक टिचक्या पडत राहतात. ही वीज धाग्यातल्या सूक्ष्म कणांमध्ये गोठून बसते. नवी आली की जुनी बाहेर ढकलली जाते, त्यामुळे धाग्याला कायम शेवटची चाळीस मिनिटं आठवतात. बक्कल सोडलं की ताण संपतो आणि लिहिणंही संपतं. ना चिप, ना बॅटरी, त्यामुळे आत शिरून कुणी काही बदलायचा प्रश्नच नाही.

वाचायचं कसं? धागा हळूहळू तापवायचा. गोठलेली वीज ज्या क्रमानं आत गेली त्याच क्रमानं बाहेर येते, यंत्र ती मोजतं, तिची रेघ काढतं आणि आवाजातही ऐकवतं. पण एकदा तापलेला धागा कायमचा कोरा होतो. म्हणजे प्रत्येक धागा एकदाच बोलतो. अपघातानंतर प्रयोगशाळा एका कडेचा धागा झटपट तापवून फक्त दोन गोष्टी बघते, पट्टा माणसाच्या अंगावर होता का, आणि झटका बसला का. दुसऱ्या कडेचा धागा वर्षभर सील करून ठेवतात. जवळच्या नातेवाइकानं अर्ज केला तरच तो सावकाश, ठोक्यासकट वाचतात. त्या वर्षात अर्ज आला नाही तर फेकून देतात.

मागच्या फेब्रुवारीत जयसिंगपूरचं एक लग्न उरकून केतकी आणि शार्दूल परत येत होते. दुपारी चारच्या सुमाराला उसातल्या रस्त्यावर आमच्याच कारखान्याचे पट्टे असलेल्या त्यांच्या गाडीनं सायकलवरच्या बापू खोत नावाच्या दूधवाल्याला उडवलं आणि ती बाभळीवर आदळली. बापू गेला. केतकी गेली. शार्दूलच्या कपाळाला चार टाके पडले.

माणसं जमेपर्यंत शार्दूलनं केतकीला बाहेर काढून रस्त्यावर निजवलं होतं. त्यानं जबाब दिला, "गाडी ती चालवत होती. मी शेजारी होतो, पट्टा लावून. ती पट्टा पाठीमागून अडकवायची, साडी चुरगळते म्हणून. जागीच गेली."

पाठीमागून अडकवणं म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पट्टा न लावता गाडी सुरू केली की ती टिंगटिंग करत डोकं खाते. तिचं तोंड बंद करायला लोक पट्टा छातीवरून न घेता सीटला टेकलेल्या पाठीमागून नेतात आणि बक्कलमध्ये खुपसतात. गाडी फसते, लोक खूश होतात. यमाला मात्र असलं काही चालत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. चालकाचा पट्टा बक्कलमध्ये होता, पण त्यावर श्वास नव्हता. शेजारचा पट्टा माणसाच्या अंगावर होता, त्याला झटका बसला होता. शार्दूल म्हणाला तंतोतंत तसंच. दोष मेलेल्या चालकाचा, म्हणून पोलिसांनी प्रकरण मिटवून टाकलं.

बापूची बायको आक्काताई माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुझ्या पोरीनं माझा मानूस खाल्ला," एवढंच म्हणाली, "आन् तू पट्टं इनतीस. घरातल्या पोरीला एक पट्टा बांधाय शिकवाय आलं न्हाई व्हय तुला?"

 मीही तेच मानून बसले होते. धागा खोटं बोलत नाही हे मी बावीस पोरींना शिकवलं होतं, मग स्वतःच्या वेळी तो खोटा कसा म्हणू? रात्रंदिवस मी मेलेल्या मुलीवर चिडत राहिले. साडी चुरगळली असती तर काय झालं असतं गं? आठ महिने मी तिच्या फोटोकडं धड बघितलं नाही. त्या आठ महिन्यांचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो कुणाकडून वसूल करायचा हे मला पुढं कळलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात माग बंद असतात. मागांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. अंगणात शार्दूलची नवी गाडी आणून लावली होती. पोरी आरतीला जमल्या होत्या, मी ताट घेऊन अगदी गाडीच्या दाराशी उभी होते. चाकांखाली लिंबं ठेवली गेली, आप्पासाहेबांनी कोहळा फोडला आणि शार्दूलला म्हणाले, "घे, एक फेरी मार."

शार्दूल बसला. गाडी सुरू केली. टिंगटिंग सुरू झालं. तो कुणाशी तरी हसून बोलत होता, आणि बोलता बोलताच तो पुढं वाकला, उजव्या हातानं पट्टा ओढला, पाठीमागून डाव्या हातात घेतला आणि न बघता बक्कलमध्ये खुपसला. आवाज थांबला. सगळं मिळून दोन सेकंद लागले असतील. हे एका दिवसात येत नाही. पाणी पिताना तांब्याकडं बघावं लागत नाही, तसा तो हात सवयीनं गेला होता.

मी आरतीचं ताट पायरीवर ठेवून दिलं.  

पाठीमागून पट्टा अडकवणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. मग त्या दिवशी चालकाच्या सीटवर कोण होतं? आणि शेजारच्या सीटवर, पट्टा छातीवर घेऊन, श्वास घेत कोण बसलं होतं? धागा खोटं बोलला नव्हता. त्याला कुणी धड विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. लोकांनी सोनं वाटलं, मी शेजारच्या पट्ट्याच्या दुसऱ्या धाग्यासाठी अर्ज लिहिला.

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत धागे वाचणारी शहनाज मुजावर पूर्वी माझ्याच हाताखाली शिकून गेलेली. तिनं अर्ज वाचला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"मावशी, एकदाच वाचता येतं, माहितीये ना तुम्हाला? तिचं... म्हणजे तिचा ठोका असेल तर तो जगात फक्त त्या वीतभर धाग्यात उरलाय. वाचला की गेला."

"माहीत आहे."

"अर्ज नाही केला तर मी तो धागा तुम्हाला आठवण म्हणून मिळवून देऊ शकते. वर्ष संपलं की. लोक नेतात. देव्हाऱ्यात ठेवतात."

मी खोटं सांगणार नाही, माझा जीव अडकला. माझ्या लेकीचं काळीज वीतभर का होईना, माझ्या घरात राहिलं असतं. बोटांनी चाचपता आलं असतं. मग मला शार्दूलचा तो सवयीचा डावा हात आठवला.

"वाच," मी म्हटलं. "पण सगळ्यांसमोर. आवाज मोठा ठेव."

नियमाप्रमाणं नेजकरांना नोटीस गेली. आप्पासाहेब त्याच संध्याकाळी माझ्या घरी आले, पहिल्यांदाच. मी दिलेला चहा तसाच ठेवला.

"विहीणबाई, कशाला उकरून काढताय? पोर गेली, तिला आता शांत पडू द्या की. तिचं काळीज पुन्हा तापवत बसणार व्हय तुम्ही?"

"तिचं कशाला?" मी म्हटलं. "शार्दूलच्या जबाबात लिहिलंय, शेजारी तो बसला होता, पट्टा लावून. म्हणजे धाग्यात जावयाचाच ठोका असणार. ऐकू या की आपण. वाचला बिचारा, त्याचा आनंद नको करायला?"

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला कळलं, यांना माहीत आहे. "नोकरी करायची हाय न्हवं अजून?" ते हळूच म्हणाले.

"तुमच्याकडं? हो तर. मी कुठं जात नाही."

वाचनाच्या दिवशी त्या छोट्या खोलीत आम्ही पाच जण होतो. शहनाज, पोलिसांचे एक अधिकारी, आप्पासाहेब, शार्दूल आणि मी. काचेच्या नळीत धागा ताणून बसवला होता, पांढरा, वीतभर. शहनाज म्हणाली, "चाळीस मिनिटांचं आहे, चाळीस मिनिटंच लागतील." तिनं बटण दाबलं.

आधी श्वास आला. दूरवरून समुद्राची गाज येते ना, तसा. आणि त्याच्यावर ठोके. टप, टप, टप, टप, टप, टप, टप. मग काही नाही. मग जोरात, टप.

मी डोळे मिटले. ती माझ्या छातीवर झोपली होती.

पुन्हा सात. पुन्हा तो खड्डा. मी डोळे उघडले, पिशवीतून ट्रंकेतला कागद काढला आणि अधिकाऱ्यांपुढं ठेवला. "हा माझ्या मुलीच्या ठोक्यांचा आलेख. लग्नाआधी नेजकरांनी मागितला होता. मागं सही कुणाची आहे, त्यांनाच विचारा."

अधिकाऱ्यांनी कागद उलटा केला. 'पाहिले, मान्य.' त्यांनी पडद्यावरची रेघ पाहिली, कागदावरची पाहिली आणि शार्दूलकडं वळले. "शेजारी तुम्ही होता म्हणालात. हे ठोके तुमचे का?"

शार्दूल घाम पुसत म्हणाला, "मी गोंधळलो होतो. डोक्याला मार होता. असेल... चालवत असेन मी. पण ती जागीच गेली, साहेब. माझ्या हातात काही नव्हतं."

मी जिंकले होते. एवढ्यासाठीच आले होते. सव्वीसाव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ एकदम वर उडाली आणि स्पीकर कडाडला. झटका. बाभूळ.  मला वाटलं, संपलं.

टप.

 टप, टप. लांब खड्डा. टप.

"हे काय?" आप्पासाहेबांनी विचारलं. "आदळून झालं न्हवं? मग हे पुढं काय वाजतंय?"

"ठोके आहेत," शहनाज म्हणाली. "झटक्यानंतरचे."

आणि ते वाजत राहिले. श्वास उथळ झाला होता, खड्डे वाढले होते, पण दर वेळी, आता नाही येणार असं वाटलं, की ठोका येत होता. माझी पोर झुंजत होती. माझ्या हातानं पास केलेल्या पट्ट्यानं तिला धरून ठेवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट झालं. तीन. सात. शार्दूल म्हणाला, "बंद करा," कुणी केलं नाही. अकरा. तेरा. चौदाव्या मिनिटाला आवाज खटकन बंद पडला.

"थांबलं?" मी विचारलं.

शहनाजनं मान हलवली. "ठोका नाही थांबला, मावशी. बक्कल सोडलं. तोपर्यंत चालूच होता."

 मग आप्पासाहेब खुर्चीतून उठले.

"मला फोन केलास तू," ते शार्दूलला म्हणाले. "आधी मला. म्हणालास, आप्पा, केतकी गेली, आता काय करू? मी म्हटलं, गेलेल्या मानसाला शिक्षा न्हाई, ती चालवत होती म्हण. तिला बाहेर काढ, मग रुग्णवाहिका बोलव. मी म्हटलं हे! गेली म्हणालास म्हणून म्हटलं! ती जिवंत हुती?"

"आप्पा, गप्प बसा."

"जिवंत हुती?"

"गप्प बसा म्हणतो ना! साहेब लिहून घेतायत!"

अधिकारी खरोखरच लिहून घेत होते. शार्दूलनं "मला कसं कळणार, मी काय डॉक्टर आहे?" असं काहीतरी सुरू केलं. पण त्याच्याकडं आता कुणीच बघत नव्हतं, त्याचा बापसुद्धा.

प्रकरण पुन्हा उघडलं. आप्पासाहेबांनी मुलाविरुद्ध जबाब दिला, स्वतःविरुद्धही दिला. शार्दूल आत गेला. त्याला न्यायला आलेल्या पोलिसांच्या गाडीत शिपाई त्याला म्हणाला, "पट्टा लावा." मी फाटकात उभी होते. शार्दूलनं तो मुकाट्यानं छातीवरून ओढला. पट्टा आमच्याच कारखान्याचा होता, मी वीण ओळखली.

आक्काताईला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती चुलीपुढं बसून होती. "मग मी तुला बोललो त्ये?" म्हणाली. मी म्हटलं, तू मला बोललीस, मी तर आठ महिने मेलेल्या पोरीलाच बोलत होते. तिनं पाट सरकवून मला चुलीपुढं जागा केली.

जामिनावर सुटून आल्यावर आप्पासाहेब माझ्या टेबलापाशी आले. दोन महिन्यांत म्हातारे झाले होते. हात जोडून म्हणाले, "माफ करा म्हणायला माझं तोंड न्हाई. काय करू सांगा. म्हणाल ते करतो."

"माफ करणार नाही," मी म्हटलं. "आणि करायचं ते सांगते."

शहनाजकडून मी त्या चौदा मिनिटांची रेघ कागदावर घेऊन ठेवली होती. आवाज गेला, धागा कोरा झाला, रेघ तेवढी राहिली. डॉक्टरांच्या मापानं, म्हणजे सेकंदाला पंचवीस मिलिमीटर धरून, ती एकवीस मीटर भरते. ती रेघ मी नक्षी विणणाऱ्या आमच्या जेकार्डवाल्याकडून मागावर चढवून घेतली, पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला काळ्या धाग्यात. ठोका पडला तिथं काळा धागा वर येतो. चुकला तिथं तो खाली दडतो आणि विणीत रिकामी जागा दिसते. यापुढं नेजकरांच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पट्ट्याला हीच कड राहील, आणि प्रत्येक रोल उतरताना आप्पासाहेबांनी माझ्या टेबलापाशी उभं राहून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. एवढंच मागितलं. त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली.

आज पहिला रोल उतरला. टेबलावरून पट्टा सरकत होता, आप्पासाहेब समोर उभे होते. तीन ठोके, एक लांब रिकामी जागा. दोन ठोके, रिकामी जागा. नव्या पोरी श्वास रोखून माझ्याकडं बघत होत्या, कारण असा रोल मी जन्मात सोडला नव्हता. मी शिक्का उचलला, शाई लावली आणि पट्ट्याच्या तोंडावर 'पास' उमटवलं.

आप्पासाहेबांची मान खाली गेली. खांदे हलत होते.

"वर बघा, आप्पासाहेब," मी म्हटलं. "अजून बराच रोल यायचाय."